तापलेले टायटेनियम आणि गोव्याचा खारा वारा: अभियांत्रिकी महाविद्यालयांना आणि उद्योग खात्याला खुले पत्र

प्रति,
गोव्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे प्राचार्य व विभागप्रमुख,
तसेच राज्याच्या तंत्रशिक्षण व उद्योग खात्यांचे संचालक

सप्रेम नमस्कार.

मागणी आधी सांगते, कारणे मागून. विमानाच्या इंजिनातल्या पात्यांसारख्या तापणाऱ्या टायटेनियमवर दिलेले संरक्षक लेप खाऱ्या, दमट हवेत किती तग धरतात हे तपासणारी एक छोटी सामायिक प्रयोगशाळा गोव्यात सुरू करा. नवी इमारत नको, कोनशिला नको. दोन भट्ट्या, एक चांगला तराजू, नमुने कापून घासायची सोय, सूक्ष्मदर्शक, कठीणपणा मोजायचे यंत्र, आणि नमुने टांगायच्या दोन रॅक: एक किनाऱ्यावर, दुसरी घाटाच्या पायथ्याशी. यातले बरेचसे सामान तुमच्यापैकी कुणा ना कुणाकडे आजही असेल. काही ठिकाणी ते कपाटात कुलूपबंद असेल, ती गोष्ट वेगळी.

मी फोंड्याची. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत हीट ट्रीटमेंट आणि पृष्ठभागावरच्या प्रक्रिया यांत नोकरी केली, आता निवृत्त आहे. शेवटच्या वर्षाचे प्रकल्प तपासायला अधूनमधून बाहेरची परीक्षक म्हणून बोलावणे येते. टायटेनियमवरच्या लेपांचे प्रकल्प अलीकडे बरेच दिसतात आणि त्यातली मुले मनापासून काम करतात. पण जवळजवळ प्रत्येक अहवालात तेच: कोरड्या हवेची भट्टी, शंभरेक तास सलग तापमान, वजनवाढीचा एक आलेख आणि 'लेपामुळे ऑक्सिडीकरण लक्षणीय घटले' असा निष्कर्ष. आलेख खरा असतो. प्रश्न अपुरा असतो. प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेरचा वारा मिठाने चिकट झालेला असताना भट्टीत त्याचा मागमूसही नसावा, याचे मला नवल वाटते.

'टायटेनियमला समुद्र काही करत नाही' हे वाक्य मी निदान निम्म्या तोंडी परीक्षांत ऐकले आहे. साध्या तापमानाला ते बरोबरच आहे. धातूच्या अंगावर टायटेनियम डायऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा असतो आणि खाऱ्या पाण्यात तो स्टेनलेसपेक्षा कितीतरी चांगला टिकतो. पण हा दाखला थंड टायटेनियमचा आहे. इंजिनात तापलेल्या टायटेनियमला तो लावायचा म्हणजे घाटात गाडी चालवायला पोहण्याचे प्रशस्तिपत्र दाखवण्यासारखे झाले.

तापल्यावर काय होते ते सांगते. टायटेनियम १६६८ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे सहाशे अंश म्हणजे त्याला काहीच नाही असे वाटते. पण ऑक्सिजन पुढे असला की या धातूला आवर घालता येत नाही. बहुतेक धातू ऑक्सिजनला वरवर अडवून ऑक्साइडचा थर करतात; टायटेनियम थरही करते आणि ऑक्सिजन अंगात मुरवूनही घेते. त्याच्या अल्फा रूपात शंभर अणूंमागे तेहतीसच्या आसपास ऑक्सिजनचे अणू मावू शकतात. असा ऑक्सिजन प्यालेला वरचा भाग कठीण आणि ठिसूळ होतो. त्याला अल्फा केस म्हणतात. नमुना कापून, घासून, क्रोलच्या द्रावणाने (आम्लांच्या मिश्रणाने) त्याचा पृष्ठभाग हलकेच कोरला की सूक्ष्मदर्शकाखाली कडेला एक पांढरी झगझगीत पट्टी दिसते आणि तिच्या आत नेहमीची करडी दाणेदार रचना. पट्टी केसाच्या जाडीहूनही बारीक असते. तिथे कठीणपणा मोजणारी विकर्सची टोचणी लावली की आतल्या सुमारे साडेतीनशेच्या जागी आकडा दुपटीच्या घरात जातो. पाते वाकू-थरथरू लागले की पहिली चीर याच पट्टीत पडते आणि मग ती आतल्या चांगल्या धातूत शिरते.

म्हणूनच बहुतेक टायटेनियम मिश्रधातूंची मर्यादा ताकदीने ठरते तितकीच ऑक्सिजननेही ठरते. कारखान्यात जिला सगळे सिक्स-फोर म्हणतात ती मिश्रधातू साडेतीनशे अंशांच्या आसपास थांबते. सिक्स-टू-फोर-टू साडेपाचशेच्या जवळ जाते आणि खास तापमानासाठी घडवलेली आयएमआय ८३४ सहाशेपर्यंत. त्यापुढे गॅमा टायटेनियम ॲल्युमिनाइड, म्हणजे टायटेनियम आणि ॲल्युमिनियम यांचे संयुग. तिच्यात जवळजवळ निम्मे अणू ॲल्युमिनियमचे असतात, घनता चारच्या आसपास, म्हणजे निकेलच्या सुपरअलॉयच्या (अतिउष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूच्या) साधारण निम्मी, आणि साडेसातशे अंशांपर्यंत ती कामाची. जीई कंपनीच्या जीईएनएक्स इंजिनात कमी दाबाच्या टर्बाइनच्या शेवटच्या दोन टप्प्यांची पाती याच धातूची आहेत. बोइंग ७४७-८ वर हे इंजिन २०११ साली सेवेत आले. फिरत्या पात्याचे वजन घटले की ज्या तबकडीवर ते बसते तीही हलकी करता येते, म्हणून सगळ्यांचा जीव या धातूत अडकला आहे.

निम्मे ॲल्युमिनियम असूनही गॅमाला स्वतःचा नीट पापुद्रा धरता येत नाही. आपल्याला हवा असतो तो सलग ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचा ऑक्साइड, कारण त्यातून ऑक्सिजन फार सावकाश सरकतो. मिळते ती टायटेनियम डायऑक्साइड आणि ॲल्युमिना यांची भेसळ. हवेतला नायट्रोजन त्यात आणखी खोडा घालतो. शुद्ध ऑक्सिजनमध्ये बरा वागणारा नमुना साध्या हवेत बिघडतो तो त्यामुळेच. तेव्हा लेप द्यायचा. आणि इथूनच खरी डोकेदुखी सुरू होते.

सर्वांत जुना आणि स्वस्त मार्ग ॲल्युमिनियम मुरवण्याचा. ॲल्युमिनियमची भुकटी, ॲल्युमिनाची भुकटी आणि थोडा नवसागर एका बंद पेटीत भरायचा, त्यात नमुने पुरायचे आणि पेटी भट्टीत ठेवायची. नवसागर फुटतो, ॲल्युमिनियमची क्लोराइड वाफ होते आणि ती धातूच्या पृष्ठभागावर ॲल्युमिनियम सोडते. कल्हईवाल्याच्या पोतडीतला नवसागर तो हाच. पृष्ठभागावर ॲल्युमिनियमचे तीन आणि टायटेनियमचा एक अशा अणूंचे संयुग बनते आणि त्यावर हवाहवासा ॲल्युमिना धरतो. शंभर तासांच्या आलेखात हा लेप हमखास बाजी मारतो. पण हे संयुग काचेसारखे ठिसूळ, आणि तापल्यावर खालच्या टायटेनियमपेक्षा जास्त प्रसरण पावणारे. भट्टीतून काढून थंड करताना लेप ताणला जातो आणि त्याला आरपार चिरा जातात. सलग तापमानाच्या चाचणीत थंड होण्याची वेळ एकदाच, शेवटी येते, म्हणून या चिरा आलेखात दिसतच नाहीत. विमानाचे इंजिन मात्र प्रत्येक उड्डाणात तापते आणि थंड होते.

निकेल किंवा कोबाल्टमध्ये क्रोमियम, ॲल्युमिनियम, इट्रियम घातलेले लेप सुपरअलॉयवर छान चालतात, म्हणून ते टायटेनियमवरही फवारून पाहिले जातात. निकेल आणि टायटेनियम मात्र एकमेकांत शिरतात, सीमेवर ठिसूळ संयुगे आणि पोकळ्या होतात, आणि ९४२ अंशांना तर त्या जोडीचा एक भाग चक्क वितळतो. झिर्कोनियाच्या उष्णतारोधक थराबद्दलही मुलांचा नेहमी गैरसमज असतो. तो उष्णता अडवतो. ऑक्सिजन त्यातून आरामात जातो. त्याच्याखाली ऑक्सिजन अडवणारा दुसरा थर लागतोच. टायटेनियम-ॲल्युमिनियम-क्रोमियमचे लेप, सिलिसाइड, काचेसारखे इनॅमल, बारीक थरांचे नायट्राइड, सगळ्यांची आपापली गुणवत्ता आहे आणि प्रत्येकाचा कुठे ना कुठे घात होतो. त्यांची जंत्री देत बसत नाही, तुमच्या ग्रंथालयात ती सापडेल.

एक गोष्ट मात्र ग्रंथालयात शोधूनही मुलांच्या नजरेतून सुटते. लेप ऑक्सिजन अडवण्यात यशस्वी होऊनही पात्याचे आयुष्य घटवू शकतो. ठिसूळ लेपात चीर पडली की ती पुढे धातूत जाते; म्हणजे ज्या अल्फा केसच्या भीतीने लेप दिला, तिचेच काम लेप करून ठेवतो. त्यामुळे ज्या अहवालात वजनवाढ आहे पण थकव्याची (पुन्हा पुन्हा ताण देऊन पाहण्याची) किंवा निदान वाकवण्याची एकही चाचणी नाही, त्याला मी अर्धेच गुण देते. विद्यार्थी रागावतात. रागावू देत.

आता मिठाकडे येते. १९५० च्या दशकात टायटेनियमच्या क्रीप चाचण्यांत (तापवून दीर्घकाळ ताणून ठेवण्याच्या चाचण्यांत) काही नमुन्यांना अवेळी चिरा पडल्या आणि त्या हाताळणाऱ्याच्या बोटांच्या ठशांवर होत्या. घामातले मीठ, वर ताण आणि सुमारे पावणेचारशे अंश तापमान, एवढे पुरले. पुढे १९६० च्या दशकात स्वनातीत प्रवासी विमानाच्या तयारीत अमेरिकेच्या नासाने या प्रकाराचा कसून अभ्यास केला. त्याच सुमारास अमेरिकेच्या लॉकहीड या विमान कंपनीत एसआर-७१ आणि तिच्या आधीची ए-१२ ही टायटेनियमची विमाने बांधताना स्पॉट वेल्ड केलेले काही भाग लवकर निकामी होऊ लागले. हिवाळ्यात जोडलेले टिकत, उन्हाळ्यात जोडलेले टिकत नसत. शोध घेतल्यावर कळले की बरबँक शहराच्या पाण्यात शेवाळ होऊ नये म्हणून उन्हाळ्यात क्लोरीन जास्त घालत आणि भाग त्याच पाण्याने धूत. ऊर्ध्वपातित पाणी वापरू लागल्यावर त्रास थांबला. मे महिन्यात आपल्याकडे हात घामाने कोरडे होत नाहीत आणि नळाच्या पाण्याला कधी कधी औषधाचा वास येतो, हे लक्षात ठेवून आपल्या किती प्रयोगशाळांत नमुने मोजे घालून हाताळतात? मी स्वतः पाहिले आहे: भट्टीतून आलेला नमुना, त्यावर गवती पिवळा आणि निळा असे ऑक्साइडचे देखणे रंग, आणि मधोमध अंगठ्याचा करडा खरखरीत ठसा, रेषा मोजता येतील इतका स्पष्ट. विद्यार्थ्याने तो फोटोतून कापून टाकला होता.

इथे थोडे न्यायाने बोलायला हवे. प्रयोगशाळेत गरम मिठाने टायटेनियम सहज तडकते, पण प्रत्यक्ष इंजिनांत अशी मोडतोड फारच कमी नोंदली गेली आहे. वाहती हवा, दाब, तापण्या-थंडावण्याचे चक्र, अशी कारणे दिली जातात. म्हणून मी भीती घालत नाही. पण मीठ फक्त तडकवते असेही नाही. सहाशे अंशांच्या आसपास मीठ आणि पाण्याची वाफ एकत्र आली की क्लोरीन धातूशी संयोग पावतो, बनलेले क्लोराइड वाफ होऊन वर येते, ऑक्सिजनला भेटून ऑक्साइड होते आणि क्लोरीन पुन्हा मोकळा होऊन खाली जातो. असे फेरे चालू राहतात आणि पापुद्रा भुसभुशीत, पोकळ होत जातो. तडे गेलेल्या लेपाखाली हे सुरू झाले की लेप वरून शाबूत दिसतो आणि खालून सुटतो. गंमत अशी की याच घराण्यातला फ्लोरीन गॅमा ॲल्युमिनाइडवर अगदी थोड्या मात्रेत दिला तर औषध ठरतो. तो ॲल्युमिनियमलाच वेचून वर आणतो आणि सलग ॲल्युमिना धरायला मदत करतो. जर्मनीत फ्रँकफर्टच्या देखेमा संस्थेने यावर मोठे काम केले आहे. सिक्स-फोरसारख्या धातूत ॲल्युमिनियम फार कमी, तिथे आधी ते मुरवावे लागते, नुसत्या फ्लोरीनने भागत नाही. हे फ्लोरीन दिलेले नमुने आपल्या किनाऱ्यावरच्या मिठात कसे वागतात, एवढा एकच प्रश्न दोन-तीन विद्यार्थ्यांना पुरून उरेल.

'सॉल्ट स्प्रे (मिठाच्या धुक्याची चाचणीपेटी) आमच्याकडे आहे' असे उत्तर येईल, म्हणून आधीच सांगते. त्या पेटीत पाच टक्के मिठाच्या पाण्याचे धुके ३५ अंशांना सोडतात. रंग दिलेल्या पत्र्यासाठी ती ठीक. तापलेल्या लेपाबद्दल ती काहीच सांगत नाही. आणि तिच्यातले मीठ म्हणजे शुद्ध सोडियम क्लोराइड. आगरवाड्याच्या मिठागरात उरणारे कडवट पाणी ज्याने चाखले असेल त्याला ठाऊक आहे की समुद्रात मॅग्नेशियम क्लोराइडही असते. ते हवेतली आर्द्रता ओढते, आणि ओले असताना तापवले की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सोडते. आपल्या हवेत त्यावर तांबड्या मातीची धूळ बसते, खाणपट्ट्यात लोहखनिजाची. हे मिश्रण बाटलीत विकत मिळत नाही. गच्चीवर टांगलेल्या नमुन्यावर ते फुकट बसते.

म्हणून दोन रॅक. दोनापावल किंवा वास्कोच्या बाजूला समुद्रासमोर एक, आणि वाळपईकडे दुसरी. लेप दिलेले आणि न दिलेले नमुने तिथे ठेवायचे. काही पावसात उघडे, काही छपराखाली, कारण आपला तीन हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस मीठ धुऊनही टाकतो आणि छपराखालचे मीठ तसेच साचते. हँगरमधल्या यंत्राची हीच गत असते. मग ते न पुसता भट्टीत न्यायचे. तासभर तापवायचे, बाहेर काढून गार करायचे, पुन्हा तापवायचे. प्रत्येक नमुना स्वतःच्या मुशीत ठेवायचा, म्हणजे निवताना टिकटिक आवाज करत उडणारी पांढुरकी खपली हरवत नाही. खपली न मोजता फक्त नमुना तोलला तर सोलून निघणारा वाईट लेप कमी वजनवाढीचा, म्हणजे चांगला ठरतो. असे अहवाल मी तपासले आहेत. शेवटी नमुना कापायचा आणि कडेपासून आत कठीणपणा मोजत जायचे. वजन काय म्हणते त्यापेक्षा ही मापे काय म्हणतात ते महत्त्वाचे. क्रोलच्या द्रावणात हायड्रोफ्लोरिक आम्ल असते, तेव्हा कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम हाताशी असल्याशिवाय बाटली उघडू देऊ नका. ते मलम कुठे आहे असे विचारले की चेहरे कोरे होतात, हाही माझा अनुभव.

हे गोव्यानेच का करावे? हैदराबादेत डीएमआरएल, मिधानी आणि एआरसीआय या धातू व पदार्थविज्ञानाच्या संस्था आहेत, बंगळुरूत एनएएल आणि जीटीआरई या विमान व इंजिन संशोधनाच्या. ज्ञान तिथे आहे आणि राहो. पण दोन्ही शहरे समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहेत. तमिळनाडूत मंडपमला सीईसीआरआय या विद्युतरसायन संशोधन संस्थेचे सागरी गंजाचे केंद्र आहे, पण पूर्व किनाऱ्यावर. आपल्या दाबोळीला आयएनएस हंसावर नौदलाची मिग-२९के लढाऊ विमाने उतरतात. सत्तरीत हिंदुस्थान एरोनॉटिक्स (हाल) आणि फ्रान्सची सफ्रान या कंपन्यांच्या भागीदारीत हेलिकॉप्टरच्या इंजिनांची देखभाल-दुरुस्ती करणारा कारखाना उभा राहिला. केरळात चवऱ्याला टायटेनियम स्पंज, म्हणजे धातूचा सच्छिद्र कच्चा माल, होतो, आणि आपल्या शेजारच्या रत्नागिरीच्या वाळूत इल्मेनाइट हे टायटेनियमचे खनिज पडलेले आहे. गोव्याला खनिज, स्पंज, इंजिन यांतले काही बनवायचे नाही. जे आपल्याकडे आहे आणि हैदराबादेला नाही, तेवढे वापरायचे: हवा.

तंत्रशिक्षण खात्याला माझे सांगणे पैशांबद्दल कमी आणि नियमांबद्दल जास्त आहे. एका महाविद्यालयाची भट्टी दुसऱ्याच्या विद्यार्थ्याला वापरता यावी, एवढे एक परिपत्रक काढा. प्रकल्प एका सत्रात संपतो आणि पावसाळा सत्र पाहून येत नाही. तेव्हा एका तुकडीने टांगलेले नमुने पुढच्या तुकडीने उतरवावेत अशी मुभा द्या. आणि लेप सुटला, फुटला, फसला असा निकाल आला तर गुण कापू नयेत, हे परीक्षकांना लेखी कळवा. फसलेल्या लेपाचा नीट कापलेला, नीट मोजलेला नमुना मला दहा यशस्वी आलेखांपेक्षा जास्त शिकवतो, पण तो आज कचऱ्यात जातो.

उद्योग खात्याकडे एवढेच मागणे, की वेर्णा, कुंडई, डिचोलीच्या ज्या कारखान्यांत भट्ट्या आणि प्लाझ्मा फवारणीसारखी यंत्रे असतील त्यांची यादी महाविद्यालयांना द्या आणि कारखानदारांना यात ओढा. सुट्टीच्या दिवशी रिकामी भट्टी द्यायला बरेच जण तयार होतील. मी नोकरीत असताना आम्ही द्यायचो. त्यांना बदल्यात प्रशस्तिपत्रक नको असते, निकाल हवे असतात.

रॅक लावायची तर मेअखेरीच्या आत लावा, म्हणजे पहिल्या पावसाआधीचे कोरडे मीठही हाती लागेल. खुंट्या टायटेनियमच्याच ठेवा. कॅडमियमचा मुलामा दिलेले बोल्ट किंवा अवजारे जवळ आणू नका, लॉकहीडला तोही धडा महाग पडला होता. नमुन्यांवर पेनने क्रमांक घालू नका, शाईतही क्लोराइड असू शकते. कोपऱ्यात कोरून घाला. नमुने कापणे आणि घासणे शिकवायला मी येईन, मानधन नको. पहिली रॅक कुणाच्या गच्चीवर जाईल आणि तिची किल्ली कुणाकडे राहील, एवढे तुम्ही आपसात ठरवून कळवा.

आपली,
एक निवृत्त धातुतंत्रज्ञ, फोंडा